४८ व्होल्टची लिथियम बॅटरी: दोन पावसाळे वापरल्यावर

दापोली तालुक्यात माझं केबल-इंटरनेटचं छोटं नेटवर्क आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ झालं आणि कित्येक दिवस लाईट नव्हती. तेव्हापासून बॅकअपचा विषय डोक्यातून गेलेलाच नाही.

आधी १२ व्होल्ट १०० एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) चार लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये होत्या. ओएलटी (फायबरवरून घराघरांत नेट पोचवणारं मुख्य यंत्र), स्विच, राउटर मिळून लोड ६ अँपिअर. नव्या होत्या तेव्हा रात्र निघायची, तिसऱ्या पावसाळ्यात चार तासांत बसायला लागल्या. खोली पत्र्याची, मे महिन्यात आत ४० अंश. २५ च्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिडचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एकीचं पोट इतकं फुगलं होतं, की काढायला रॅकची पट्टी कापावी लागली.

मग लिथियम आयर्न फॉस्फेटची १०० एएच घेतली. पैसे जवळजवळ दुप्पट गेले. गेल्या जुलैत तारांवर झाड पडलं, ११ तास लाईट नव्हती. डिस्प्लेवर ३३ टक्के शिल्लक होते आणि ‘दादा, नेट गेलं’ असा एकही फोन आला नाही. त्या दिवशी पैसे वसूल झाले.

बसवणाऱ्याने मात्र रेक्टिफायरचं (लाईटच्या एसी विजेची डीसी करून लोड चालवणारं आणि बॅटरी चार्ज करणारं यंत्र) सेटिंग लेड-ॲसिडचंच ठेवलं होतं. गरमी वाढली की चार्जिंग व्होल्टेज आपोआप उतरायचा. लेड-ॲसिडला ते हवं, लिथियमला नको. महिनाभराने भर दुपारी मीटर लावला तर ५४ च्या जागी ५२.९! बॅटरी पुरती भरतच नव्हती. घेणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी तपासा. आणि व्होल्टेजवरून अंदाज बांधू नका. लिथियमचा व्होल्टेज शेवटपर्यंत फारसा हलत नाही, मग बीएमएस (बॅटरीच्या आतलं संरक्षण सर्किट) एकदम तोडतं. टक्के बघा.

दुकानदार दुसरी बॅटरी घ्या म्हणत होता. मी त्या पैशात रेक्टिफायरचं जादा मॉड्यूल घेतलं. एकावर लोड चालतो, तरी दोन लावली. रेक्टिफायर गेला तर लाईट असूनही सोळा तासांनी सगळं बंद, तिथे दुसरी बॅटरी फक्त तास वाढवते. उरलेल्यात जनरेटरसाठी चेंजओव्हर (लाईटवरून जनरेटरवर बदलायचा स्विच) बसवला. मोठं वादळ आलं तर भाड्याचा जनरेटर आणून जोडता येतो.

पाचपैकी चार. पेटी ४० किलोंच्या वर आहे आणि हँडल दोन बारीक स्क्रूंवर. चढवताना एक निसटलं, एक गुण त्याचा कापला.