अख्खा वर्ग की चार खुर्च्या?

शाळेत सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे मनातले विचार तपासून भावना आणि वागणं बदलायची पद्धत) आणायची ठरली की पहिला पेच हाच: आठवड्याला एक तास सगळ्या वर्गाचा घ्यायचा, की ज्यांना गरज आहे अशा चारेक मुलांचा गट करायचा? मी शाळेत समुपदेशक आहे, दोन्ही एकेक वर्ष करून पाहिलंय.

वर्गाच्या तासात कुणावर शिक्का बसत नाही, हे खरंच मोठं आहे. आमच्या खोलीत येणारा मुलगा मधल्या सुट्टीत 'मेंटल' ठरतो. शिवाय मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची 'घटना, विचार, परिणाम' ही साखळी आठवीच्या पोरांना फळ्यावर दहा मिनिटांत कळते.

माझं घोडं अडलं ते वहीपाशी. विचारांची नोंद घरून लिहून आणायला सांगितली. उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिलं होतं, 'गणितात नापास झालो तर सगळे हसतील.' सोमवारी ४२ पैकी ३१ वह्यांत तेच वाक्य! गणितात कायम पहिला येणाऱ्याच्याही. वर 'सर, याला किती मार्क?' एका मुलीने मात्र घरातलं, खरं काही लिहिलं होतं. ते शेजारणीने वाचलं. पुढच्या सोमवारी तिच्याही वहीत गणितच.

ब्रिटनमध्ये ८ माध्यमिक शाळांतल्या पाच हजारांवर मुलांवर वर्गातल्या सीबीटीची चाचणी झाली होती. २०१२ साली निष्कर्ष आले. नैराश्याचा धोका असलेल्या मुलांना नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. कारणं तिथली वेगळी असतील, पण मला माझ्या ३१ वह्या आठवल्या.

गटात वही नाही. चिठ्ठी, आणि तास संपला की ती ज्याची त्याने फाडायची. परिपाठात सुविचार वाचायला घाबरणारा एक मुलगा होता. आधी मला वाचून दाखवला, मग गटाला, मग रिकाम्या सभागृहात, मग परिपाठात. आदल्या दिवशीची चिठ्ठी: 'आवाज कापेल, सगळे हसतील.' नंतरची: 'आवाज कापला. हसलं कुणी नाही. दोघं जांभया देत होते.'

गटात मुलं थोडीच मावतात, आणि गप्प बसणारी आपणहून येत नाहीत, हे मान्य. वर्गशिक्षक चांगले हेरणारे नसतील, तर तुमच्याकडे वर्गाचा तासच बरा पडेल कदाचित. (जीव द्यायचं बोलणारं मूल असेल तर दोन्ही बाजूला ठेवून पालकांना बोलवा आणि थेट मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा.)

मी वर्गाचा तास अजून घेतो, जूनमध्ये दोनदा, कोण शेवटपर्यंत खाली बघत बसतं ते पाहायला.