पटायातील व्हिसा एजन्सी आणि अंथरुणाला खिळलेला अर्जदार

थायलंडमध्ये निवृत्तीच्या आधारावर राहणाऱ्या परदेशी माणसाला दरवर्षी मुदतवाढ घ्यावी लागते आणि तिच्यासाठी अर्जदाराने स्वतः इमिग्रेशन कार्यालयात हजर राहावे, असा सर्वसाधारण नियम आहे. माझ्या यजमानांना पक्षाघात होऊन उजवी बाजू आणि वाचा गेली, तेव्हा मुदत संपायला जेमतेम महिना उरला होता. माझा स्वतःचा व्हिसा त्यांच्या व्हिसावर अवलंबून असल्यामुळे त्यांची मुदत हुकली असती, तर माझीही हुकली असती. धडधाकट माणसाला हे काम एजंटवाचून सहज जमते आणि त्यासाठी त्याने उगाच पैसे मोजू नयेत, असे माझे मत पूर्वीही होते व आजही आहे. रुग्णाची गोष्ट वेगळी, म्हणून आम्ही पटायातील एका लहानशा एजन्सीकडे गेलो.

एजन्सीच्या बाई रुग्णालयात आल्या, त्या अर्ज घेऊन नव्हे, तर डॉक्टरांच्या दाखल्याचा मसुदा घेऊन. नुसते निदान लिहिलेला दाखला उपयोगाचा नसतो. रुग्ण प्रवास करण्यास आणि कार्यालयात येण्यास असमर्थ आहे, हे त्यात स्पष्ट शब्दांत असावे आणि त्यावर रुग्णालयाचा शिक्का असावा, हे त्यांनी डॉक्टरांना थाई भाषेत समजावून सांगितले. ते काम मला एकटीला जमले नसते.

दुसरा प्रश्न सह्यांचा होता. टीएम ७ या मुदतवाढीच्या अर्जावर तर सही लागतेच, शिवाय पासपोर्ट आणि बँकेच्या पासबुकाच्या प्रत्येक झेरॉक्स पानावरही अर्जदाराची सही लागते. उजवा हात निकामी झालेल्या माणसाने ही चळत कशी पुरी करायची? थाई दिवाणी कायद्यानुसार दोन साक्षीदारांनी प्रमाणित केलेला अंगठ्याचा ठसा सहीइतकाच ग्राह्य धरला जातो. बाईंनी शाईची डबी आणली, यजमानांचा डावा अंगठा पानामागून पानावर टेकवला आणि दर वेळी ओल्या कापसाने पुसून काढला. एक परिचारिका आणि आमचे शेजारी साक्षीदार झाले. यजमानांना आपण काय करतो आहोत हे कळत होते, म्हणूनच हे सारे शक्य झाले, हे येथे मुद्दाम नोंदवते. पुढे इमिग्रेशनच्या एका अधिकाऱ्याने रुग्णालयात येऊन त्यांना पाहिले आणि मुदतवाढ मिळाली. अधिकाऱ्याने असे येणे हा अर्जदाराचा हक्क नव्हे; ते त्या त्या कार्यालयाच्या मर्जीवर असते. त्या मर्जीपर्यंत पोहोचण्याची वाट एजन्सीला ठाऊक होती आणि आपण पैसे मोजतो ते मुख्यतः तिच्यासाठी.

बँकेच्या बाबतीत मात्र एजन्सीचा दावा पोकळ निघाला. ठेवीच्या आधारावर ही मुदतवाढ घ्यायची, तर थाई बँकेत ८ लाख बाट अर्जाआधी किमान दोन महिने असावे लागतात, मंजुरीनंतर ते तीन महिने हलवता येत नाहीत आणि उरलेल्या काळात शिल्लक ४ लाखांच्या खाली जाऊन चालत नाही. आपल्याकडे उतारवयात नवरा-बायकोचे खाते जोडीने ठेवणे शहाणपणाचे समजतात. येथे खाते एकट्या अर्जदाराच्या नावावर असावे, असा इमिग्रेशनचा आग्रह असतो. परिणामी रुग्णालयाची बिले समोर असतानाही त्या रकमेला हात लावण्याची मला सोय नव्हती आणि शिलकीचे पत्र मिळवण्यासाठी बँकेच्या कर्मचाऱ्यांना खाटेपाशी आणण्याची खटपट मलाच करावी लागली. ‘बँकेचे सर्व काम आम्ही पाहू’ ही जाहिरात त्यांनी काढून टाकावी. ८ लाख आपल्या खिशातून ‘दाखवून’ देणारे एजंटही या शहरात भेटतात. तो सरळसरळ बनाव आहे आणि या एजन्सीने तसे काही सुचवले नाही, हे तिच्या पदरात टाकायला हवे.

एजन्सीचा एक सल्ला तर चक्क चुकीचा होता. पुढील वर्षांसाठी सर्वसाधारण मुखत्यारपत्र करून ठेवा, म्हणजे काळजी मिटली, असे त्यांनी सांगितले. थाई दिवाणी संहितेच्या कलम ८२६ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती अक्षम ठरली की मुखत्यारी संपते. शुद्ध हरपलेल्या माणसासाठी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. ते वकिलाचे काम आहे, व्हिसा एजंटचे नव्हे.

वार्षिक मुदतवाढ जमलीच नाही, तर डॉक्टरांच्या दाखल्यावर एका वेळी जास्तीत जास्त ९० दिवसांची वैद्यकीय मुदतवाढ मागता येते आणि सोबत राहून शुश्रूषा करणाऱ्या जोडीदारालाही ती मिळू शकते. हा पर्याय एजन्सीने पहिल्याच भेटीत सांगितला, ते बरे झाले. आजारपणात दिवस नुसते जाऊ देणे महागात पडते: दंड रोज ५०० बाट, कमाल २०,०००, आणि ९० दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून मग स्वतःहून देश सोडला, तरी वर्षभर प्रवेशबंदी. पुढील उपचारांसाठी आम्ही मुंबईला निघालो, तेव्हा पुनःप्रवेशाचा परवाना काढण्याची आठवणही एजन्सीनेच केली. तो न घेता विमानात बसलो असतो, तर एवढ्या खटाटोपाने मिळवलेली मुदतवाढ तिथेच रद्द झाली असती. एका फेरीसाठी १,००० आणि कितीही फेऱ्यांसाठी ३,८०० बाट पडतात.

घरी रुग्ण असेल आणि त्याला अजून समजत असेल, तर ही एजन्सी मी सुचवीन; पाचपैकी साडेतीन गुण. लाइन या मेसेजिंग अॅपवर पाठवलेल्या निरोपाला रात्रीही उत्तर मिळते, पावती मात्र मागितल्याशिवाय मिळत नाही. शुल्क ९,००० बाट सांगितले जाते. त्यात मुदतवाढीची १,९०० बाटची सरकारी फी धरलेली आहे का, हे आधीच विचारून घ्यावे. आमच्या वेळी ती धरलेली नव्हती.