बेल हाऊसिंगचं सेंटर: ठोकायच्या पिना घ्याव्यात की फिरवायच्या?

जुन्या शेवरले स्मॉल ब्लॉक इंजिनाला ट्रेमेकचा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स बसवताना बेल हाऊसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घंटेसारखं कवच, थोडक्यात बेल) मधल्या भोकाचा रनआउट, म्हणजे क्रँक एक फेरा फिरवताना मापात पडणारा एकूण फरक, 5 थाउच्या (0.005 इंच, म्हणजे साधारण 0.13 मिमी) आत हवा. जास्त आला, तर बेल ब्लॉकवर जागेवर धरणाऱ्या साध्या डॉवेल पिनांऐवजी ऑफसेट, म्हणजे मध्यापासून जरा सरकवलेल्या, पिना घालाव्या लागतात. बाजारात त्या दोन तऱ्हेच्या मिळतात: ठोकायच्या आणि फिरवायच्या.

गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं पुढचं टोक इंजिनाच्या क्रँकमधल्या पायलट बुशमध्ये (टोकाला आधार देणारी छोटी बाही) असतं आणि मागची बाजू गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये. ही दोन्ही एका रेषेत येणार की नाही, हे बेल ठरवते. ती सरकलेली असली की बुश झिजतो, गिअर जड पडतात, कधी निसटतातही. बेल कंपनीची आहे म्हणून निर्धास्त राहू नका. दुसऱ्या इंजिनावरून काढलेली बेल तुमच्या ब्लॉकवर सेंटरला बसेलच असं नाही.

मोजण्यासाठी स्पार्क प्लग काढा, डायल इंडिकेटरचा (काट्याचं मापयंत्र) मॅग्नेटिक स्टँड फ्लायव्हीलवर लावा, डायलचं टोक बेलच्या मधल्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवा, बेलचे बोल्ट पूर्ण आवळा आणि क्रँक हाताने एक पूर्ण फेरा फिरवा. काटा परत शून्यावर आला नाही, तर स्टँड हललाय. ते माप सोडून द्या. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांतल्या फरकाचं निम्मं म्हणजे बेल किती सरकवायची ते. म्हणजे 14 थाउ आले तर 7 थाउची पिन. पिना सहसा 7, 14 आणि 21 थाउच्या असतात. वरच्या बाजूला टोक सगळ्यात जास्त दाबलं गेलं, तर बेल खाली बसली आहे, ती वर न्यायची. इथे दिशा उलटी धरली की चूक दुप्पट होते.

ठोकायची पिन एकसंध असते, स्वस्त पडते आणि एकदा बसली की जागची हलत नाही. अडचण दिशेची आहे. दोन्ही पिनांचा ऑफसेट नेमका एकाच बाजूला हवा. थोडा फरक राहिला की बहुतेकदा बेल उतरवा, पिन पकडीत धरून वळवा, बेल चढवा, पुन्हा डायल लावा. गाडीखाली आडवं पडून हे करणं फार जिवावर येतं.

फिरवायची पिन बेल जागेवर असतानाच स्क्रू ड्रायव्हरने फिरवता येते. बोल्ट जरा सैल करायचे, दोन्ही पिना सारख्याच वळवायच्या, बोल्ट आवळून डायल बघायचं. जमलं की आतला ॲलन स्क्रू आवळायचा, म्हणजे पिन फुगून ब्लॉकमध्ये घट्ट बसते. पैसे जास्त जातात, पण घरी एकट्याने काम करणाऱ्याने हीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजिन स्टँडवर असेल आणि हाताशी मदतनीस असेल, तर ठोकायची पुरेशी आहे.

रनआउट 42 थाउच्या (सगळ्यात मोठ्या 21 थाउच्या पिनेच्या दुप्पट) वर असेल, तर दोन्ही निरुपयोगी. बेल बदला किंवा मशीन शॉपला न्या.

बेलचा मागचा फेसही (गिअरबॉक्स टेकतो ती सपाट बाजू) तपासा, मर्यादा तीच 5 थाउ. क्रँक एकाच बाजूला दाबून धरा, नाहीतर त्याचा एंड प्लेच (पुढे-मागे हलण्याची ढिलाई) काट्यावर दिसेल. फेस वाकडा असेल, तर आधी ब्लॉकवरचा रंग आणि बर (धातूची उठलेली कड) साफ करा. तरी राहिला, तर ब्लॉक आणि बेलच्या मध्ये शिम (पातळ पत्र्याची चकती) घाला. पिनांनी तो सुटणार नाही. शिम घातल्यावर मधलं भोक पुन्हा मोजा.