हिपॅटायटिस सी: विषाणू नसलेल्या माणसाला दुसरा कोर्स विकला

१,३३,३०० रुपये. हिशेब असा: 'नोंदणी' २,५००, पहिला कोर्स तीन बाटल्यांचा, बाटलीला २१,००० म्हणजे ६३,०००, मग 'विषाणू चिवट निघाला' म्हणून आणखी तीन बाटल्या, पुन्हा ६३,०००, वर 'लिव्हर टॉनिक' ४,८००. हिपॅटायटिस सी, म्हणजे यकृतावर हल्ला करणाऱ्या विषाणूच्या (एचसीव्ही) आजाराच्या उपचाराखाली एवढे पैसे एका खासगी 'हिपॅटायटिस सेंटर'ने आमच्या भाऊजींकडून उकळले. हाच उपचार हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली २०१८ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतो, आरएनए तपासणीसकट (रक्तात प्रत्यक्ष विषाणू आहे का, हे सांगणारी तपासणी). हे त्या सेंटरवाल्याला पक्कं ठाऊक होतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही.

भाऊजींच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत 'अँटी-एचसीव्ही रिअ‍ॅक्टिव्ह' आलं. बरेच रुग्ण असेच सापडतात: ऑपरेशन, रक्तदान, डायलिसिस, बाळंतपण. रिपोर्ट बघून घर हादरलेलं असताना लॅबमधलाच एकजण 'माझ्या ओळखीचे आहेत' म्हणून नंबर देतो. आम्हीही असेच त्या सेंटरवाल्यापर्यंत पोचलो.

अँटी-एचसीव्ही ही विषाणूची तपासणी नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेल्या प्रतिपिंडांची आहे. देवीच्या लसीचा दंडावरचा वण जसा जन्मभर राहतो, तशी ही तपासणी बरं झाल्यावरही बहुधा पॉझिटिव्हच येत राहते. शिवाय लागण झालेल्यांपैकी साधारण ३० टक्के लोकांत विषाणू पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवाय आपोआप जातो. म्हणून गोळी सुरू करण्याआधी एचसीव्ही आरएनए हवाच. तो केला नसेल तर एक रुपया देऊ नका.

भाऊजींचा आरएनए त्या माणसाने केलाच नाही. 'खर्च कशाला वाढवायचा, रिपोर्ट स्पष्ट आहे,' म्हणाला. कुणालाही हे काळजीचंच बोलणं वाटलं असतं.

आणि आता ज्या क्षणाने अजून झोप उडते तो. कोर्स संपला त्याच आठवड्यात त्याने पुन्हा रक्त काढलं आणि दोन रिपोर्ट शेजारी ठेवले. पहिल्यावर १४.२, दुसऱ्यावर १३.१. दोन्ही आकड्यांवर लाल पेनने गोल केले आणि म्हणाला, 'बघा, तीन महिन्यांत एकच पॉइंट उतरला. व्हायरस चिवट आहे, पुढचा कोर्स लगेच.' आकड्याच्या शेजारीच बारीक अक्षरात 'एस/सीओ' छापलं होतं. म्हणजे ते प्रतिपिंडांच्या चाचणीचं गुणोत्तर होतं (नमुन्याचा सिग्नल भागिले 'रिअ‍ॅक्टिव्ह' ठरवणारी मर्यादा), विषाणूची मोजणी नव्हतीच! विषाणूचा आकडा 'आययू प्रति एमएल'मध्ये (मिलिलिटरमागे आंतरराष्ट्रीय एकक) येतो आणि उपचार न झालेल्या रुग्णात तो बहुधा हजारोंत, लाखोंत असतो. नीट औषध लागू पडलं की काही आठवड्यांत तो इतका घसरतो की मशीनला सापडत नाही. १४ चे १३ होणं हा प्रकारच नाही. सगळं कागदावर छापलेलं होतं. पण घाबरलेल्या घराला एस/सीओ वाचायला शिकवतं कोण? डॉक्टरी कोटातल्या माणसावर विश्वास ठेवला, तो गुन्हा आमचा नाही.

दुसरी गोष्ट, तपासणीची वेळ. बरं झालं की नाही हे शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी आरएनए करून ठरतं. कोर्स संपल्या संपल्या 'फेल गेला' म्हणणारा विक्रेता असतो, डॉक्टर नव्हे.

दुसऱ्या कोर्सची पहिली बाटली चालू असताना सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी आरएनए करून घेतला. निकाल: विषाणू आढळला नाही. मग पहिल्या कोर्सची तरी गरज होती का? सुरुवातीचा आरएनएच नसल्यामुळे हे आता कुणालाही सांगता येणार नाही. ६३,००० रुपये आजारावर गेले की नसलेल्या आजारावर, याचं उत्तर त्या माणसाने कायमचं पुसून टाकलं.

बाटल्यांचंही सांगतो. सोफोसबुविर ४०० आणि वेलपाटासविर १०० मिलिग्रॅम ही दोन विषाणूविरोधी औषधं असलेली गोळी, रोज एक, बाटलीत २८, तीन बाटल्यांत ८४ दिवस. खोका आणि बाटली यांवरचा बॅच नंबर जुळवा, झाकणाखालचं सील स्वतः फोडा. आमच्या एका बाटलीचं सील आधीच उचकटलेलं होतं. 'तपासून दिलंय' हे उत्तर मिळालं. सोबत 'पोट सांभाळायला' रोजची पॅन्टोप्राझोल दिली होती. वेलपाटासविर शोषलं जायला पोटात आम्ल लागतं, ते मारणारीच गोळी जोडीला! हिपॅटायटिस बीची तपासणी केली नाही, आणि सीवरचं औषध चालू असताना शरीरात दबून राहिलेला बीचा विषाणू उसळू शकतो. यकृत किती कडक झालंय याचा अंदाज घेतला नाही, आणि कोणती गोळी, किती आठवडे हे त्यावरच ठरतं. या गोळीशी न जमणारी औषधं, म्हणजे क्षयाचं रिफाम्पिसिन, मिरगीचं कार्बामाझेपिन किंवा फेनिटोइन, हृदयाचं अमिओडारोन यांपैकी काही चालू आहे का, हे विचारलंसुद्धा नाही. अमिओडारोनसोबत नाडी जीवघेणी मंदावू शकते.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात म्हणाले, 'औषध मिळालं ना? मग फसवणूक कसली?' औषध खात्याच्या कार्यालयात बिल मागितलं. अहो, बिल दिलं असतं तर तो पकडला गेला असता, म्हणूनच दिलं नाही! बिलाशिवाय अर्ज घेत नाहीत, आणि बिल न देणं हाच गुन्हा लिहून दिला तर 'डॉक्टरांच्या परिषदेकडे जा' म्हणतात. तिथे कळलं की हा माणूस नोंदणीकृत डॉक्टरच नाही, म्हणून तो त्यांच्या अखत्यारीत येत नाही. म्हणजे खरा डॉक्टर असता तर चौकशी झाली असती, तोतया आहे म्हणून सुटला! परत पोलिसांकडे गेलो तर 'ही बाब आरोग्य खात्याची'. प्रत्येक टेबलावर माणूस बसलेला आहे, पगार चालू आहे, आणि सेंटरची पाटी आजही जागेवर आहे.

आम्ही ग्राहक आयोगाकडे चाललो आहोत. बिल नसलं तरी यूपीआयचे व्यवहार, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश आणि लाल गोल केलेले ते दोन रिपोर्ट जोडले आहेत. रोखीने दिलेल्या ४,८०० ला पुरावा नाही, म्हणून रोख देऊ नका. ज्यांचा कोर्स अशा ठिकाणी चालू आहे त्यांनी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. बाटल्या आणि सगळे रिपोर्ट घेऊन जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जा आणि हिपॅटायटिसचं उपचार केंद्र विचारा.