वक्राला गुणावे की हिस्टोग्रामला भागावे?

द्राक्षमण्यांच्या व्यासांचा हिस्टोग्राम, म्हणजे प्रत्येक वर्गातली (मापाच्या टप्प्यातली) संख्या दाखवणारा स्तंभालेख, काढून त्यावर प्रसामान्य वितरणाचा घंटेच्या आकाराचा वक्र ठेवला, की तो आडव्या अक्षाला चिकटलेला दिसतो. याचे कारण असे, की वक्राखालचे क्षेत्रफळ १ असते आणि स्तंभांचे एकूण क्षेत्रफळ मण्यांची संख्या गुणिले वर्गाची रुंदी इतके असते. दिंडोरीकडील एका बागेतले ४०० मणी मी व्हर्नियर कॅलिपरने मोजले आणि अर्ध्या मिलिमीटरचे वर्ग पाडले. हा गुणाकार २०० आला. प्रमाण विचलन, म्हणजे मापांचा सरासरीभोवतीचा पसारा, १.२ मिलिमीटर धरल्यास घनतेचा, म्हणजे न गुणलेल्या वक्राचा, माथा ०.३३ असतो, तो २०० ने गुणल्यावर सुमारे ६६ होतो आणि वक्र स्तंभांवर नीट बसतो.

एकाच बागेचा नमुना असेल तर वक्रालाच गुणावे, असे माझे स्पष्ट मत आहे. उभ्या अक्षावर मण्यांची संख्या राहते आणि ९ मण्यांच्या स्तंभाची त्रुटी (संख्येचे वर्गमूळ) ३ आहे, हे चित्र पाहताच कळते. हिस्टोग्रामला २०० ने भागले तर तोच स्तंभ ०.०४५ होतो, त्याची त्रुटी ०.०१५ हवी, पण भागाकारानंतर वर्गमूळ घेतले तर ती ०.२१ येते आणि पुढचा सगळा फिट (वक्र आकड्यांशी जुळवणे) बिघडतो. म्हणून फिट आधी मूळ संख्यांवर करावा, भागाकार नंतर. मात्र ४०० मण्यांची बाग १,५०० मण्यांच्या बागेशेजारी ठेवायची असेल, किंवा वर्ग असमान रुंदीचे असतील, तर हिस्टोग्रामला भागून मिळणाऱ्या घनतेला पर्याय नाही.

वक्राची उंची फिटवरच सोडणे हा तिसरा मार्ग सर्वांत सोपा वाटतो, आणि तिथेच सर्वाधिक जपावे लागते. 'रूट' या विदा-विश्लेषणाच्या संगणकप्रणालीतील 'गाउस' या फलनाचा पहिला प्राचल (फिटमध्ये ठरणारा आकडा) म्हणजे माथ्याची उंची, क्षेत्रफळ नव्हे. मण्यांची संख्या हवी असल्यास त्या उंचीला प्रमाण विचलनाने आणि २π च्या वर्गमुळाने गुणून वर्गाच्या रुंदीने भागावे लागते. शिवाय निरीक्षित संख्येवरून त्रुटी घेणाऱ्या काय-स्क्वेअर फिटमध्ये (यात वक्र आणि स्तंभ यांतल्या, त्रुटीच्या मापात मोजलेल्या फरकांची वर्गबेरीज, म्हणजेच काय-स्क्वेअर, सर्वांत कमी केली जाते), योगायोगाने कमी भरलेल्या वर्गांना जास्त वजन मिळते, त्यामुळे एकूण संख्या साधारण काय-स्क्वेअरच्या किमतीइतकी कमी येते. ती किंमत १२ आली, तर ४०० मण्यांतले सुमारे १२ मणी हिशेबातून गळतात. लाइकलीहूड फिटमध्ये, म्हणजे मोजलेल्या संख्या सर्वांत संभाव्य ठरवणारा वक्र निवडणाऱ्या फिटमध्ये, ही गळती होत नाही, म्हणून लहान नमुन्यासाठी मी तोच निवडतो.

कोणताही मार्ग घेतला तरी संख्या कुठून घेतली, हे तपासावे. 'रूट'मधील 'गेटएन्ट्रीज' हे फलन हिस्टोग्रामच्या कक्षेबाहेरचे (पहिल्या वर्गाच्या खालचे व शेवटच्या वर्गाच्या वरचे) मणीही मोजते. 'इंटिग्रल' मात्र नेहमीच्या वापरात फक्त कक्षेतले मोजते. आलेख काढणाऱ्या 'मॅटप्लॉटलिब' या प्रणालीचा 'डेन्सिटी' पर्यायही कक्षेतल्याच मण्यांवर भागतो.