लॅबचं नेटवर्किंग: काम चोख, वेळेची बोंब

आमच्या हिंगण्याच्या शाळेतल्या कॉम्प्युटर लॅबचं वायरिंग सीताबर्डीच्या एका दुकानवाल्याकडून करून घेतलं. पोरगा हुशार आहे. ऑफिसातल्या राउटरपासून लॅब 100 मीटरच्या पुढे पडते. तांब्याच्या कॅट-6 केबलची मर्यादा तेवढीच. म्हणून त्यानं आपणहून फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल, टाकायला सांगितलं. वर वीज कडाडली तरी फायबरमधून झटका नेटवर्क स्विचपर्यंत (लॅबमधल्या सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जोडायचा डबा) येत नाही, हाही फायदा. स्विच जाळीच्या पेटीत, कूलरच्या पाण्यापासून लांब. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर चिकटवले, हे मला सगळ्यात आवडलं. आता सातवीची अख्खी तुकडी एकाच वेळी ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवरचे व्हिडिओ लावते, गोल चक्र फिरत बसत नाही. फक्त ‘उद्या येतो न जी’वर विसंबू नका बाप्पा! आणि पक्कं बिल मागून घ्या.