शार्पनेसची तुलना दाखवून बिघडलेला कॅमेरा माझ्या गळ्यात मारला

सेकंडहँड मीडियम फॉरमॅट (मोठ्या निगेटिव्हचा फिल्म कॅमेरा) घेणार असाल तर आधी हे वाचा, माझे पैसे गेलेत, तुमचे जाऊ नयेत.

हॅसलब्लाड घ्यावा की मामिया आरबी ६७, माझं काही ठरत नव्हतं. आरबी विकणाऱ्याने स्वतःहून दोन क्रॉप (फोटोचे कापलेले तुकडे) पाठवले, तीच विटांची भिंत, एक हॅसलब्लाडवर काढलेली आणि एक त्याच्या आरबीवर, आरबीत विटेचा कण न् कण दिसतोय आणि दुसरीकडे नुसतं धुरकट. मला लगेच पटलं कारण आरबीची ६×७ ची निगेटिव्ह साधारण ५६ बाय ७० मिमी आणि हॅसलब्लाडची ६×६ ची ५६ बाय ५६, त्यात आयताकृती प्रिंट हवी तर तीही कापावी लागते, म्हणजे मोठ्या निगेटिव्हला फायदा असतोच. पण इतका? हॅसलब्लाडच्या ८० मिमी प्लॅनार लेन्सपुढे इतका फरक पडतच नाही, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

आरबी घेतला. पहिला रोल धुवून आला, सगळे पोर्ट्रेट, फोकस डोळ्यांवर केलेला आणि शार्प आलेत कान! आधी स्कॅनरवर संशय घेतला, पण लूपने (भिंगाने) निगेटिव्ह बघितली तर ग्रेन, म्हणजे फिल्मचे कण, एकदम खणखणीत आणि डोळे मऊ, म्हणजे स्कॅनचा प्रश्नच नाही. मग बॅक (फिल्म बसते तो मागचा भाग) काढून फिल्मच्या जागी घासलेली काच धरली, शटर उघडं ठेवलं, तर व्ह्यूफाइंडर एक सांगतोय आणि काच दुसरंच. फोकसिंग स्क्रीन, म्हणजे जिच्यावर बघून फोकस करतो ती काच, कोणीतरी उलटी बसवलेली, मॅट बाजू खाली हवी ती वर.

त्यानंतर ते दोन क्रॉप परत नीट बघितले आणि डोकं सणकलं. एकाच फिल्मवर एकाच डीपीआयने स्कॅन केलं तर ग्रेन सारखाच दिसतो, इथे हॅसलब्लाडच्या क्रॉपमध्ये जाड ग्रेन आणि आरबीच्या क्रॉपमध्ये जवळपास नाहीच, म्हणजे एक फास्ट फिल्म (कमी उजेडात चालणारी, ग्रेन जाड) आणि एक स्लो. शिवाय आरबीच्या विटांच्या कडेला पांढरी रेघ, ती सहसा सॉफ्टवेअरमध्ये शार्पनिंग ताणल्यावरच येते. ट्रायपॉड, अॅपर्चर, कशाचाच उल्लेख नव्हता आणि मीही विचारलं नाही, तेवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

म्हणून सांगतो, कोणी अशी तुलना पाठवली तर फिल्म, अॅपर्चर, ट्रायपॉड विचारा आणि शार्पनिंग न केलेला पूर्ण फ्रेमचा स्कॅन मागा, आणि त्याच कॅमेऱ्यावर लेन्स पूर्ण उघडी ठेवून जवळून काढलेला एक फ्रेम मागाच, कारण स्क्रीनची चूक एफ ११ सारख्या लहान अॅपर्चरवर लांबच्या भिंतीत लपून जाते.

मी त्याच्याकडे त्या भिंतीच्या दोन्ही निगेटिव्ह मागितल्या. मेसेज वाचलाय त्याने, उत्तर नाही.